मोटार ओट्यावर ठेवली आहे

ता. १ नोव्हेंबर १९९२

ती. बसवंतअण्णास महादेवीचा शरणार्थ.

आईच्या पायांवर डोकं ठेवलं म्हणून सांग. वहिनीची आठवण काढते म्हणून सांग. इकडे सर्व ठीक आहे. इकडे म्हणजे कुठे ते पुढे लिहिते, आधी बाकीचं वाच.

दिवाळी झाली. भाऊबीजेला मी आले नाही, त्याचा राग आला असेल तर येऊ दे. दुकानात सणाची गर्दी असणार, त्यात राग धरायला तुला सवड मिळाली असेल असं वाटत नाही. आईचे गुडघे कसे आहेत? थंडी पडायला लागली की तिला जिना उतरवत नाही, तेव्हा तिचं अंथरूण खालीच घाला. इकडे कापूस फुटला आहे, बायका वेचणीला जायला लागल्या आहेत. ज्वारीही बरी दिसते.

अक्षर वाकडं आलं आहे, समजून घे. उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही.

तुझं पत्र मला दसऱ्याच्या आधी सासरी राणीसावरगावला मिळालं. ते जवळच आहे, पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहितोस की जावईबापूंचा निरोप आला, गाडी कधीची बंद पडली आहे म्हणून ते नाराज आहेत. तू नवी मोटार आणि नव्या बॅटऱ्या मागवल्या आहेस. दिवाळीत दुकान सोडता येत नाही म्हणून मला न्यायला येत नाहीस, तर मीच जावईबापूंना घेऊन भाऊबीजेला यावं आणि येताना गाडीही आणावी. गाडीसाठी तू गंगाखेडहून टेम्पो ठरवून देतोस. आम्ही एसटीनं यावं. आणि शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ: ‘तू गाडीला हात लावत जाऊ नकोस, त्यांना आवडत नाही.’

अण्णा, गाडीला टेम्पो आणि बहिणीला एसटी हे लिहिताना तुला हसू आलं नाही? मला आलं. चुलीपुढे बसून एकटीच हसले, तर सासूबाईंनी डोकावून बघितलं, हिला काय झालं म्हणून.

तू तिला गाडी म्हणतोस. मी सायकलच म्हणणार, कारण ती माझी सायकल होती. तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. औरंगाबादच्या व्यापाऱ्यानं ती तुझ्या गळ्यात मारली. जाड टायरची, सरळ हँडलची, डोंगरात चालवायची म्हणे. मानवतमध्ये डोंगर कुठला? शेतकरी म्हणायचा, हिच्यावर पोतं कुठं ठेवायचं. मास्तर म्हणायचे, हँडलवर वाकून चालवायचं म्हणजे शोभा नाही. अख्खा पावसाळा ती आपल्या सायकलच्या दुकानात छताला टांगून राहिली आणि शेवटी तू म्हणालास, “म्हादे, तूच घे बाई, न्हाई तर गंजून जाईल.” खपत नाही ते घरच्या पोरीला, एवढाच तुझा हिशोब होता. पण मला तिनं पाय दिले. मानवत रोडच्या बालवाडीवर मी तिच्यावरून जायचे. नामांतराच्या बंदला एसटी जागेवर उभ्या असायच्या, बाकीच्या बाया घरी राहायच्या, आणि माझी बालवाडी मात्र उघडी असायची. लोक म्हणायचे, वाण्याची पोर घोड्यावर बसल्यावानी जायलीय. तू दांडीवर पिवळ्या रंगानं माझं नाव घालून दिलंस. तेव्हा तू मला फार आवडायचास, हे लिहून ठेवते.

मग ते खोकं आलं. कुठल्याशा पेपरात जाहिरात बघून तू मागवलेलं, रेल्वे पार्सलनं आलेलं. सायकल विजेवर चालवायचं सामान. मोटार, दातेरी चकती, आखूड साखळी, लोखंडी पट्ट्या, हँडलवर बसवायचं बटण, वायरींचा गुंता आणि एक इंग्रजी कागद. तुला इंग्रजी येईना, मला जेमतेम. चित्रं बघून आपण दोघांनी ते बसवलं. दुकानाची फळी लावली की संध्याकाळी तेच काम. साखळी सरळ बसली का ते बघायला मी दोरा धरायचे, तू पाना फिरवायचास. एक पट्टी तिरकी बसली आणि चाक घासायला लागलं, तेव्हा तू त्या जाहिरातवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. मी सगळं पुन्हा उघडून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. मागे पत्र्याची पेटी, तिच्यात दोन बॅटऱ्या. अप्पा गेल्यापासून आपण दोघं इतकं कधी हसलो नव्हतो.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा सायकलवर मी होते. पायडल न मारता ती बाजारातून निघाली, आणि तू मागून पळत ओरडत होतास, “ब्रेक लाव म्हादे, ब्रेक!” मी मुद्दामच लावला नाही. घरी येऊन मी तुला म्हणाले, आता कितीही लांबचं गाव दिलं तरी मी बालवाडी घेईन. तू वायरीवर चिकटपट्टी गुंडाळत बसलास. मला वाटलं, दमला असशील.

लग्नाच्या सकाळी मी बाशिंग बांधून मांडवात आले तर दाराशी ती उभी. झेंडूची माळ, हँडलला लाल रिबीन, बटणावर कुंकू. दांडीवरच्या माझ्या नावावर हिरवा रंग देऊन वर पांढऱ्यानं नवऱ्यामुलाचं नाव. त्यांना मोपेड हवी होती आणि ती आपल्याला झेपणारी नव्हती, हे आईनं मला तेव्हा कानात सांगितलं. तू वऱ्हाडातल्या एकेकाचा हात धरून सांगत होतास, “मोपेड काय, कुनाच्याबी लग्नात मिळती. ही गाडी अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच हाय.” लोक टाळ्या वाजवत होते. तू आधी विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते की नाही, मला आजही माहीत नाही. पण तू विचारलं नाहीस. माझी सायकल दुसऱ्यासाठी तयार केलीस आणि ती माझ्याच हातून तयार करून घेतलीस. याचा मला राग आहे, अण्णा. लग्नापासून आहे. आईलासुद्धा बोलले नाही.

राणीसावरगावला पहिले काही महिने ती छान चालली. पोरं मागे पळायची. मामंजी, म्हणजे सांबप्पा, दुकानाच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. तुझे जावईबापू काम असो नसो, रोज गावातून चक्कर मारायचे. मी एकदा म्हणाले, मला मारू द्या एक फेरी, तर सासूबाई म्हणाल्या, “बाईमानसानं बसायची गोष्ट हाय का ती?” मी म्हणाले, “मीच बसायची की.” त्यावर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक मात्र माझ्याच हातचा चालायचा.

बिघडली ती पाण्यामुळे. बॅटरीचं पाणी गंगाखेडहून बाटलीतून आणावं लागायचं. त्याचा कंटाळा आला तसे तुझे जावईबापू आडाचं पाणी ओतायला लागले. त्या आडाचं पाणी असं की घागरीला आतून पांढरा थर धरतो. मी सांगितलं, हे चालत नाही, कागदावर लिहिलेलं आहे. ते म्हणाले, “तू बालवाडीच्या पोरांला शिकव, मला शिकवू नगो.” बालवाडी त्यांनीच सोडायला लावली होती, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

मग एका बाजाराच्या दिवशी गंगाखेडहून येताना ऐन चढावर बॅटरी संपली. ती पेटी आणि ती मोटार घेऊन चढ चढायचा म्हणजे माणसाचं काम नाही. ते उतरून ढकलत आले. वाटेत गावातला आश्रुबा बैलगाडीवर होता. त्यानं विचारलं, “मालक, सायकल तुमाला न्यायलीय का तुमी सायकलीला?” संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं.

हसला आश्रुबा आणि राग निघाला माझ्यावर. सासूबाईंनी कारण शोधून काढलं. अंगण झाडताना मी माझ्या अडचणीच्या दिवसांत गाडीला हात लावला होता, म्हणून बॅटरी मेली. अण्णा, आपले अप्पा काय म्हणायचे? “ज्याच्या गळ्यात लिंग हाय त्याला कसला आलाय विटाळ?” आपल्या आईची लिंगपूजा त्या दिवसांतही कधी चुकली नाही. आणि हे घर काय वेगळं होतं? तिथंही पाळी असली तरी भाकरी मीच थापायची, पूजेचं पाणी मीच भरायची, मामंजींच्या विभूतीचं ताट मीच पुढे करायची. देवाला सगळं चालत होतं. बॅटरीला चालेना! मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मी गाडीला शिवायचं नाही असा हुकूम झाला, आणि तोच हुकूम तू तुझ्या पत्रात मला पुन्हा लिहून पाठवलास.

मी ऐकलं नाही. आषाढात घरात कुणी नाही असं बघून बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा खार मी कोमट पाण्यानं पुसत होते. मला वाटलं, अजून चालू होईल. ती चालू झाली तर घरातली कुरबुर थांबेल, एवढीच माझी अक्कल. तुझे जावईबापू मागून आले. तू आहेरात हवा भरायचा पंप दिला होतास ना, पितळी, दुकानातला सर्वांत चांगला? तो भिंतीला टेकून ठेवलेला होता. मी डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं.

आता त्याचं नाव घ्यायला हरकत नाही असं मला वाटतं. मन्मथ. उखाण्यात घ्यायचे तेव्हा लाजायचे, आता नुसतं एक नाव आहे.

पंचमीला तू न्यायला आलास. माझ्या हाताला प्लास्टर होतं. सासूबाईंनी पढवून ठेवल्याप्रमाणे मी म्हणाले, ओट्यावरून पडले. तू म्हणालास, “इतकी वर्षं सायकलीवरून न्हाई पडलीस, अन् ओट्यावरून कशी पडलीस?” आणि माझ्याकडे बघितलंस. मला चांगलं आठवतं, तू बघितलंस. मी वाट बघत होते की आता मला बाजूला घेऊन विचारशील. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन तू उठलास आणि अंगणात सायकलपाशी जाऊन बसलास. दुपारभर चौकशी केलीस. कोणतं पाणी घातलं, खार कधीपासून धरतो, बटण दाबलं की मोटार घरघरते का अगदीच गप्प राहते. मन्मथ सांगत होता, तू मान डोलवत होतास. बॅटरीचं झाकण उघडून आत वास घेऊन बघितलास. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं.

हात बरा झाला की पाठवतो, असं मामंजी म्हणाले आणि तू “बरं” म्हणालास. जाताना मन्मथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “मी करतो कायतरी जावईबापू, काळजी करू नगा.” तू त्याला शब्द दिलास आणि पाळलासही. नवी मोटार मागवलीस.

खंडेनवमीला सासूबाईंनी मला हाक मारली. “म्हादेवी, तराजू, मापं, कात्री, विळे समदं धुवून घे. अन् ती गाडीबी.” मी विचारलं, गाडीला हात लावू? त्या म्हणाल्या, “आजच्या दिशी लाव की. धुतल्याबिगर पूजा कशी व्हईल?” म्हणजे त्या दिवशी विटाळ सुटीवर होता.

तू दिलेले पाने पंपाजवळच पिशवीत होते. मी अंगणात बसले आणि एकेक नट सोडवायला घेतला. उजव्या हातानं नुसतं धरायचं आणि डाव्यानं पाना फिरवायचा. कुठला नट किती गच्च आवळला आहे हे मला माहीत होतं, आवळताना मीच होते. मामंजी आले, उभे राहिले. “काय करायलीस गं पोरी?”

“धुवायलेय मामंजी. उघडल्याबिगर आतली घाण निघत न्हाई.”

“नट हरवू नगो बरं,” म्हणाले आणि आत गेले.

मोटार, चकती, साखळी, पेटी, बॅटऱ्या, सगळं स्वच्छ पुसून मी ओट्यावर पाटावर मांडलं. हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला. सायकल भिंतीशी उभी केली. तिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. सगळे मोटारीला नमस्कार करत होते. मन्मथनं तिच्यावरच नारळ फोडला. पाणी सगळं आत गेलं. मला दिसलं आणि मी काही बोलले नाही. मला शिकवायची मनाई होती.

त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत म्हणून मी थांबले. एवढा रिवाज मीही पाळला. दुसऱ्या दिवशी दसरा. जेवणं झाल्यावर गडी शिलंगणाला निघाले, वेशीबाहेरून आपट्याची पानं आणायला. बायका ओवाळायच्या तयारीत. मी मागच्या अंगणात सायकलमध्ये हवा भरली. त्याच पंपानं. पिशवीत दोन साड्या, तुझं पत्र, पाने. मागच्या वाटेनं निघाले तर वेशीपाशी शेजारची नर्मदाबाई भेटली.

“कुठं जायलीस गं सायकल घिऊन?”

“शिलंगणाला.”

“बायका जात्यात व्हय शिलंगणाला?”

“मी जायले.”

गडी वेस ओलांडून पानं घेऊन परत येतात. मी परत आले नाही. मोटार उतरल्यावर ती सायकल इतकी हलकी झाली होती की पहिल्या उतारावर मला भीती वाटली, आणि नंतर मोठमोठ्यानं रडू आलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. गंगाखेडला गोदावरीच्या पुलापाशी थांबून तोंड धुतलं. इथं पोचले तेव्हा अंधार पडला होता, नरसिंहाच्या देवळात आरती चालू होती.

होय, मी पोखर्णीला आहे. परभणीच्या बालवाडीच्या प्रशिक्षणात केशरबाई म्हणून माझ्याबरोबर होती, तिच्या घरामागची खोली तिनं दिली. इथल्या बालवाडीला आणि पलीकडच्या वाडीवरच्या बालवाडीला मिळून एकच बाई हवी होती. वाडीवर एसटी जात नाही म्हणून कुणी टिकत नव्हतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, जाणं-येणं कसं करणार? मी दाराबाहेर बोट दाखवलं. तेव्हा नीट समजून घे, ही सायकल गेली तर माझी बालवाडी गेली, आणि बालवाडी गेली तर मला पुन्हा त्या अंगणात उभं राहावं लागेल.

दसऱ्यापासून आजपर्यंत मला शोधायला कुणी आलं नाही. आधी मला वाटलं, कसून शोधत असतील. मग नर्मदाबाईचा निरोप आला, मी इथं आहे हे गुपचूप तिला एकटीलाच कळवलं होतं. मामंजींचं घर गावात सांगतंय की सून माहेरी गेलीय, सायकल भावाकडून नीट करून आणणार आहे. ते म्हणतात मी मानवतला आहे. तुम्ही म्हणता मी सावरगावला आहे. भाऊबीजेच्या दिवशी मी दाराकडे बघत बसले होते. न राहवून तू सावरगावला गेला असशील, तिथं मी नाही हे कळून गोंधळ झाला असेल, असं सारखं वाटत होतं. काही झालं नाही. ते गाडीची वाट बघत आहेत, तूही गाडीची वाट बघत आहेस. माझी वाट कुणीच बघत नव्हतं, म्हणून मी हरवले हे कुणाला कळलं नाही.

आता कळलं. मन्मथचा निरोप आला तर सांग, मोटार ओट्यावर ठेवली आहे. बॅटऱ्याही तिथंच आहेत, नट वाटीत मोजून ठेवले आहेत. नवी मोटार आली असेल तर तीही खुशाल पाठव. त्यांना जे हवं होतं ते सगळं त्यांना मिळू दे. दांडीवरचं त्याचं नाव मी पान्याच्या टोकानं खरवडून काढलं. खाली माझं पिवळं नाव असेल असं वाटलं होतं, पण दोन्ही रंग एकदमच निघाले. दांडी कोरी झाली आहे. राहू दे कोरी.

आईला हे सगळं वाचून दाखवू नकोस. मी बरी आहे, एवढंच सांग.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते मी या खेपेला लिहीत नाही. तू ये. टेम्पो आणू नकोस, इथून न्यायचं काही नाही. एसटीनं ये. पोखर्णीच्या फाट्यावर उतर आणि सायकलवाली बाई कुठं राहते म्हणून कुणालाही विचार. चहा झाल्यावर सायकलपाशी जाऊन बसू नकोस. माझ्यासमोर बस आणि ओट्यावरून कशी पडलीस ते पुन्हा एकदा विचार.

या वेळी खरं सांगेन.

महादेवी